दस्तगीरमामांची पाठ

दस्तगीरमामांचं तोंड मी पाहिलं त्याच्या कितीतरी आधीपासून मला त्यांची पाठ ओळखीची होती. खाकी शर्ट, मानेवर ओलसर रुमाल, दोन्ही हात मागं बांधलेले आणि डावा खांदा उजव्यापेक्षा जरासा उतरलेला. ही पाठ सकाळच्या वेळी माझ्या संगणकाच्या पडद्यावर यायची आणि माझं काम नासवून जायची. त्यामुळं हा माणूस कोण हे कळायच्या आधीच मला त्याचा राग येऊ लागला होता.

माझं काम म्हणजे फोटो बघणं. धाराशिवात एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमची खोली आहे, खिडकीतून शेजारच्यांचे वाळत घातलेले कपडे दिसतात. जिल्ह्यातल्या काही एसटी गाड्यांना समोरच्या काचेच्या आतून कॅमेरे बसवलेत. बसथांब्यावर किंवा बंदी असलेल्या जागी कुणी वाहन उभं केलं असेल तर बस जाताजाता त्याचा फोटो घेते. एका फोटोवर काही होत नाही, कारण माणूस क्षणभर थांबलेलाही असू शकतो. मागून येणाऱ्या दुसऱ्या बसनंही तेच वाहन त्याच जागी टिपलं, की दोन्ही फोटो शेजारीशेजारी माझ्यापुढं येतात. नंबर वाचता येतो का, जागा तीच आहे का, एवढं बघून मी बटण दाबायचं. मग मालकाच्या मोबाईलवर दंडाचा मेसेज जातो. लोकांना वाटतं, दंड यंत्र करतं. खरं तर मी करते, पण हे मी शेजारीपाजारी कुणाला सांगत नाही.

नंबरप्लेट झाकलेली असली की यंत्राला काही ठरवता येत नाही आणि ते फोटो 'तपासा' म्हणून माझ्याकडं ढकलतं. कुठं गाडीवर पोतं लोंबत असतं, कुठं शेळी आडवी आलेली असते. कळंबच्या बाजारातल्या थांब्यावर मात्र सकाळच्या गाडीला एकच अडथळा असायचा, ही पाठ. पुढं एक पिकअप उभा, आणि त्याच्या नंबरप्लेटीला झाकून खाकी शर्टातला माणूस शांत उभा. पुढच्या बसच्या फोटोत पिकअप नसायचाच. म्हणजे जोडी तुटली, दंड बुडाला.

आमचे साहेब वाईट माणूस नव्हते. पित्ताचा त्रास होता, आणि कुठल्याही गोष्टीत कुणीतरी खातंय अशी त्यांची समजूत होती, जी अनुभवानं झालेली असावी. त्यांनी ते फोटो एकापुढं एक बघितले आणि म्हणाले, "हा ड्रायव्हर आडत्यांच्या गाड्या झाकतोय. फुकट कोण झाकतं?" मग त्यांना आठवलं की माझं माहेर कळंबचं. दोन दिवस त्या गाडीनं ये-जा करून बघा, असं त्यांनी मला सांगितलं. मीही आईच्या हातचं खायला मिळेल म्हणून निघाले.

पहिल्या सकाळी कळंबच्या स्टँडवर मी मामांच्या गाडीत चढले आणि ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसले. समोरून बघितल्यावर माणूस पाठीपेक्षा लहानखुरा निघाला. मेंदी लावलेली आखूड दाढी, कानावर केसांचे झुबके आणि सदा कुणाशीतरी भांडून आल्यासारखा चेहरा. एका कॉलेजच्या पोरीनं, मामा गाडी कधी सुटंल, असं विचारलं. मामांनी मान न वळवता सांगितलं, "घाई असंल तर आदल्या गाडीनं यायाचं व्हतं." हे त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. पुढं ते मी लोकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की धाराशिवच्या ऑफिसात माझ्याही तोंडी बसलं.

मामा काही प्रेमळ वगैरे नव्हते, हे आधीच सांगून टाकते. त्यांच्याविषयी ऐकणाऱ्याला तसं वाटायला लागतं, म्हणून. गाडी हलल्यावर मागं पळत येणाऱ्यासाठी ते कधी थांबत नसत. कुणी फाट्यावर मधेच उतरवा म्हणालं तर ऐकू न आल्यासारखं करत. कंडक्टर लोकांबद्दल त्यांचं मत असं, की ही जमात मागं बसून पुढच्याला शहाणपण शिकवते. कँटीनला चहा पिताना ते फक्त स्वतःच्या चहाचे पैसे काढत, समोर डेपो मॅनेजर असले तरी. "आमी कुनाचा पीत न्हाय, कुनाला पाजत न्हाय," असं वर ऐकवत.

गाडी सुटली तशी त्यांनी आरशातून माझ्याकडं बघितलं. "बाई, तुमी फोटूवाल्या व्हय?" मी दचकले. कसं ओळखलं, विचारलं तर म्हणाले, बाकी सगळे खिडकीतून बाहेर बघायलेत, तुम्ही एकट्याच त्या डबड्याकडं बघायलाव. डबडं म्हणजे कॅमेरा. त्याच्याविषयी त्यांची काही तक्रार नव्हती. "त्येला डोळा हाय," म्हणाले, "पन मान न्हाय. नाकासमोर बघतंय बिचारं." आणि गाडी बाजाराकडं वळली.

बाजारातला तो थांबा कळंबला सगळ्यांच्या पायाखालचा आहे. रस्त्याच्या कडेला सिमेंटचा उंच ओटा आणि वर पत्रा. ओट्याची उंची बसच्या पायरीएवढी केलेली आहे. गाडी नीट कडेला लागली तर माणूस ओट्यावरून सरळ आत पाऊल टाकतो. ती लागत मात्र कधीच नाही, कारण ओट्याला टेकून आडत दुकानांचे पिकअप आणि दुचाकी उभ्या असतात. मग बस रस्त्याच्या मधे थांबते आणि लोक ओट्यावरून खाली उतरून, गाड्यांच्या मधून वाट काढत वर चढतात. मी लहानपणापासून तशीच चढत आले होते. ओटा हा म्हाताऱ्यांनी टेकायला बांधलाय, अशीच माझी समजूत होती.

त्या दिवशी गणपतशेठ आडत्यांचा पिकअप बरोबर ओट्यापुढं होता, सोयाबीनची पोती लादलेला. मामांनी त्याच्या मागं थोडं अंतर ठेवून बस उभी केली, इंजिन बंद केलं आणि खाली उतरले. हॉर्न नाही, हाक नाही. पिकअपच्या मागं जाऊन, हात पाठीशी बांधून, दुकानाच्या दाराकडं तोंड करून नुसते उभे राहिले. काचेतून मला तीच पाठ दिसत होती. बसमधले लोक चुळबुळ करायला लागले, मागून जीपवाल्यानं हॉर्न लावून धरला. मामा तसेच. अखेर दुकानातून हमाल कावराबावरा होऊन बाहेर आला, मग ड्रायव्हर आला आणि पिकअप पुढं गेला. मामा परत जागेवर बसताना मला म्हणाले, "बोलायचं न्हाय. उभं ऱ्हायाचं. मानूस आपसूक येतंय."

मग त्यांनी बस अशी आणली की दार ओट्याला चिकटलं. लोक आत आले. सगळ्यांत शेवटी एक बाई आली, चाळिशीची, खांद्यावरून आडवी पर्स, उजव्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर. तिनं दांडी धरली, चांगला पाय आत ठेवला, दुसरा हातानं उचलून आत घेतला आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. बसल्याबसल्या मोठ्यानं म्हणाली, "आज पण उशीर. कोर्ट यांच्यासाठी थांबणार आहे का?" मामा आरशात बघून म्हणाले, "घाई असंल तर..." तिनंच वाक्य पुरं केलं, "आदल्या गाडीनं यायचं, माहीत आहे." गाडी निघाली. मला त्यात वेगळं काही दिसलं नाही. साहेबांना सांगायला माझ्याजवळ एवढंच होतं, की ड्रायव्हर खाली उतरतो आणि नंबरापुढं उभा राहतो, म्हणजे जे त्यांना माहीतच होतं.

दुसऱ्या दिवशी मामांची सुट्टी होती. ड्रायव्हर दुसरा, तरुण आणि गोडबोल्या. पोरींसाठी थांबला, म्हाताऱ्याला फाट्यावर उतरवलं. बाजारात पिकअप होताच. यानं त्याच्या बाजूला रस्त्यात बस उभी केली, जशी सगळे करतात. लोक गाड्यांच्या मधून आले आणि त्यांच्यामागं ती कॅलिपरवाली बाई. रस्त्यावरून बसची पायरी तिच्या मांडीएवढी उंच होती. ती नुसती उभी राहिली, कारण पुढं काय होणार हे तिला ठाऊक होतं. दोन माणसं पुढं झाली. चांगली माणसं होती, त्यात शंका नाही. त्यांनी तिला दोन्हीकडून काखेत धरलं, एकानं आतून हात ओढला आणि कुणीतरी म्हणालं, "ताईला उचला, उचला, जागा द्या." तिचा पदर खांद्यावरून गेला, पर्स पायरीवर आपटली. तिला बाकावर बसवण्यात आलं. त्या दिवशी उशिराबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. वाटेतली येडशी गेली, धाराशिव आलं, ती खिडकीतून बाहेर बघत होती.

मला तेव्हा फार शरम वाटली, माझा त्यात काही संबंध नसताना. मी रोज हजारदा तो ओटा फोटोत बघत होते आणि मला पिकअपचा नंबर तेवढा दिसत होता.

तिचं नाव शैला. कोर्टाबाहेर अर्ज, प्रतिज्ञापत्रं टाइप करून देते. हात विजेसारखा चालतो आणि जीभही तशीच. तिच्या टेबलावर अर्ज घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला ती आधी शुद्धलेखनावरून झापते आणि मग स्वतःच सगळं नीट करून देते. तिला कुणी 'बिचारी' म्हटलेलं चालत नाही, हे कोर्टाच्या आवारात सगळ्यांना माहीत आहे. घर थांब्याजवळ आहे, स्टँड लांब, म्हणून ती इथंच चढते. उतरायला तिला जमतं, दांडीला धरून अंग सोडून देते. चढणं तेवढं जमत नाही. धाराशिवच्या स्टँडवर फलाट उंच आहे, तिथं अडत नाही.

दोनच दिवसांनी मी धाराशिवच्या कँटीनमध्ये मामांना गाठलं आणि सरळ विचारलं, तुम्ही त्या शैलाताईंसाठी उतरता ना? मामांनी बशीतला चहा संपवला. मग हळू आवाजात, इकडंतिकडं बघून म्हणाले, "एकदा बघितलं म्या, लोकं तिला चढवायलेली. पुन्ना बघायचं न्हवतं. बास." बाईंनी कधी सांगितलं का? नाही. तुम्ही त्यांना कधी बोललात? ते माझ्याकडं अशा नजरेनं बघत राहिले, जसं काही मी काहीतरी असभ्य विचारलंय. "कशाला? गाडी वट्ट्याला लावायची असतीया. त्यात बोलायचं काय?"

त्याच दिवशी त्यांनी मला दुसरी गोष्ट सांगितली, आणि ती सांगताना त्यांचा आवाज बदलला. निवृत्तीला थोडेच महिने राहिले होते. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून अपघात नाही, त्यांच्यावर कधी ठपका नाही. त्यांच्या वडिलांनीही एसटीतच गाडी चालवली होती आणि निवृत्तीच्या तोंडावर कुठल्याशा भानगडीत त्यांच्यावर डाग आला. म्हातारा पुढं जगला, पण डेपोच्या रस्त्यानं कधी गेला नाही. "मला बेदाग उतरायचंय बाई," मामा म्हणाले. "पेन्शन काय, समद्यांनाच मिळतीया." आयुष्यात हव्या असलेल्या एकाच गोष्टीबद्दल हा तुसडा माणूस माझ्याशी बोलत होता, आणि त्याला अडचणीत आणणारी फाइल आमच्या खोलीत तयार होत होती.

मी साहेबांना सांगितलं, की एका प्रवाशाला रस्त्यावरून चढता येत नाही, म्हणून ड्रायव्हर गाडी ओट्याला लावतो. साहेबांनी ऐकून घेतलं. प्रवाशाचं नाव द्या, जबाब घेऊ, म्हणाले. मी म्हटलं, विचारून सांगते. हे एवढ्यावर मिटलंही असतं. पण गणपतशेठ मधे आले, आणि तेही चांगल्या हेतूनं.

झालं असं, की कळंबच्या आडत्यांना दिवसभरात दंडाचे मेसेज यायचे, फक्त सकाळच्या वेळेला यायचे नाहीत. त्यांनी आपापसात अंदाज बांधला आणि तो पक्का धरला. दस्तगीरमामा आपला माणूस आहे, आपल्यासाठी नंबरापुढं आडवा उभा राहतो. तो हात मागं बांधून आपल्यावर डोळे वटारायला उभा आहे, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. व्यापारी माणूस, आपल्या फायद्याची गोष्ट झाली म्हणजे ती आपल्याचसाठी कुणीतरी केली, असं त्याला मनापासून वाटतं. गणपतशेठनी ईदेला मामांच्या घरी तुरीची गोणी पाठवली. मामांनी ती हमालाच्या डोक्यावरून उतरूही दिली नाही. शेठना वाटलं, काय निरिच्छ माणूस आहे. आणि आमच्या फाइलीवरून चौकशीला आलेल्या एसटीच्या अधिकाऱ्यापुढं त्यांनी छाती काढून सांगितलं, "मामा आमच्यासाठी उभा राहतो साहेब, पण एक दाणा घेत नाही. देवमाणूस आहे." त्यांना मामांचं भलं करायचं होतं. अधिकाऱ्यानं पहिलं अर्धं वाक्य लिहून घेतलं.

चौकशी धाराशिवला झाली. फोटो दाखवायला मला बोलावलं होतं. मामा इस्त्रीचा खाकी घालून आले होते. आपलीच पाठ त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितली असावी, कारण पहिला फोटो आला तेव्हा ते जरा पुढं वाकले. अधिकाऱ्यानं विचारलं, तुम्ही जागा सोडून का उतरता? मामा म्हणाले, "गाडी वट्ट्याला लावाय." बाकीचे ड्रायव्हर का उतरत नाहीत? "त्येंचं त्येंनी सांगावं." कुणा प्रवाशाची अडचण आहे का? अधिकाऱ्याला माझ्या साहेबांकडून कळलेलं असणार. त्यानं प्रश्न चांगल्या मनानं विचारला होता, दार उघडं करून दिलं होतं. मामांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "समदेच प्रवासी चढत्यात. नियम हाय म्हनून लावतो."

थोडा वेळ बाहेर थांबायला सांगितलं तेव्हा मी जिन्यात त्यांच्याशी भांडले. एक नाव सांगितलं तर सुटाल, शैलाताईंना मी स्वतः विचारते, त्या नाही म्हणायच्या नाहीत. मामा जिन्याच्या कठड्याला टेकून उभे होते. "न्हाय म्हननार न्हाय ती. म्हनूनच इचारायचं न्हाय," म्हणाले. "तिला हितं बोलवत्याल. कागद मागत्याल. किती टक्के अपंग, पाय दाखव, कॅलिपर दाखव. गावात व्हईल, की हिच्यापायी मामाला धरलं. मग ती पुन्ना माझ्या गाडीत चढंल का?" मी म्हटलं, आणि तुमचं बेदाग? त्यांनी रुमालानं मान पुसली. मग म्हणाले, "तुमी तिच्याजवळ बोलायचं न्हाय. जबान द्या." मी दिली. मला ती द्यायची नव्हती, पण त्यांच्या तोंडाकडं बघून नाही म्हणता आलं नाही.

ठपका बसला. व्यापाऱ्यांच्या वाहनांवरील कारवाईत अडथळा, असे शब्द होते. मामांना कळंब-धाराशिव गाडीवरून काढलं आणि उरलेल्या दिवसांसाठी ईट गावाच्या गाडीवर टाकलं. चालकांनी जागा सोडू नये, अशी सूचना लागली. पुढच्या सकाळपासून बाजारच्या थांब्यावरचे फोटो स्वच्छ यायला लागले. मी नंबर वाचत होते आणि बटण दाबत होते. साहेब खूश झाले असं म्हणवत नाही, पण त्यांचं पित्त शांत होतं.

आठवडाभरानं शैला मला धाराशिवच्या स्टँडवर भेटली. मी ऑफिसातून सुटले होते, ती कळंबच्या गाडीची वाट बघत होती. सकाळच्या गाडीत दोनदा दिसले होते, तेवढी तिची माझी ओळख. तिनंच बोलायला सुरुवात केली. तो तिरसट म्हातारा कुठं गेला? मी म्हटलं, बदली झाली. ती म्हणाली, "नवीन आलाय त्याला गाडी लावता येत नाही. रस्त्यात उभी करतो. माणसं मला पोत्यासारखी चढवतात." मग जरा थांबून तिनं विचारलं, "मला एक सांगा, तुमचं ऑफिस त्यातलंच आहे म्हणतात. बस ओट्याला लावायची असते ना? तो म्हातारा रोज लावायचा. मी कधी विचारच केला नाही. मला वाटायचं, तशीच लावतात, सुट्टीतला बदली ड्रायव्हर तेवढा कच्चा असतो."

वर्षानुवर्षं ती त्या गाडीत चढली होती आणि आपल्यासाठी कुणी काही करतंय, याचा तिला पत्ता नव्हता. तिला तो बसचा रिवाज वाटत होता, सगळ्यांसाठी असलेला. मामांनी नेमकं एवढंच सांभाळलं होतं. माझ्या अगदी ओठावर आलं होतं, की बाई, असं नव्हतं हो ते. पण शब्द दिलेला होता. मी म्हटलं, "हो. लावायचीच असते. नियमच आहे."

"मग झालं," शैला म्हणाली आणि पर्स सरळ केली.

त्यानंतरचं मला कळंबच्या माझ्या भावाकडून कळलं, तो त्याच गाडीत होता. पिकअप ओट्यापुढं होता, नव्या ड्रायव्हरनं बस रस्त्यात उभी केली. लोक खाली उतरून चढायला लागले. शैला ओट्यावरच उभी राहिली. कंडक्टर म्हणाला, या ताई, धरतो. ती म्हणाली, मला धरायचं नाही, गाडी इथं आणा. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. ती हलली नाही. नेहमीची दोन माणसं मदतीला उतरली, त्यांना तिनं हात करून लांब ठेवलं. "ओटा कशाला बांधलाय? बस ओट्याला लावायचा नियम आहे. आधीचा ड्रायव्हर रोज लावत होता. तुम्हाला जमत नसेल तर त्याला विचारून या." मागं वाहनांची रांग लागली. पिशवी घेतलेली एक म्हातारी चढता चढता परत मागं ओट्यावर आली आणि शैलाच्या शेजारी उभी राहिली, माझेबी गुडघे दुखत्यात म्हणाली. शेवटी गणपतशेठ स्वतः दुकानातून बाहेर आले आणि त्यांनी पिकअप हलवायला लावला. बस ओट्याला लागली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. हळूहळू सकाळच्या वेळेला पिकअप तिथं यायचाच बंद झाला. दंडानं जे झालं नव्हतं ते त्या बाईच्या उभं राहण्यानं झालं, असं माझा भाऊ म्हणतो. मी म्हणते, दंडाचाही थोडा हात असेल. शेवटी पगार मी त्याचाच घेते.

मामांच्या निवृत्तीच्या दिवशी मी कळंबच्या डेपोत गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. शाल, श्रीफळ, पेढे, एका बाजूला त्यांच्या घरची मंडळी. अशा वेळी डेपोत जे भाषण होतं त्यात एक वाक्य ठरलेलं असतं, की इतक्या वर्षांच्या सेवेत यांच्यावर एकही ठपका नाही. भाषण करणारा कारकून त्या वाक्याच्या जवळ आला, अडखळला आणि पुढच्या वाक्यावर गेला. बाकी कुणाच्या ते लक्षातही आलं नसेल. मामांच्या आलं. त्यांनी मांडीवरची शाल उगाचच सारखी केली. मला फार वाईट वाटलं, आणि त्या कारकुनाचा रागही आला, त्याची काहीच चूक नसताना.

पेढे वाटून झाल्यावर आम्ही गॅरेजच्या सावलीत उभे राहिलो. पुढं ते मुलीकडं सोलापूरला जाणार होते, डेपोच्या रस्त्याला त्यांना राहायचं नव्हतं, हे त्यांनी सांगितलं नाही पण मला कळलं. मी त्यांना बाजारच्या थांब्यावरची सगळी हकीकत सांगितली. शैला ओट्यावरून हलली नाही, काय बोलली, म्हातारी कशी शेजारी उभी राहिली, शेठनी गाडी कशी काढली. मामा जमिनीकडं बघत ऐकत होते. त्यांना आनंद होईल असं मला वाटलं होतं. त्यांनी आधी विचारलं, "तुमी सांगितलं न्हाय ना तिला?"

"नाही. नियम आहे म्हणाले."

त्यांनी मान हलवली. घरच्या लोकांनी हाक मारली, रिक्षा आली होती. ते दोन पावलं गेले आणि परत वळून माझ्याजवळ आले.

"चढताना कुनी हात लावला का तिला?"

"नाही मामा. एकटी चढली."

"बसल्यावर काय म्हनली?"

मी भावाला हे विचारलं होतं, म्हणून मला माहीत होतं. "उशीर झाला म्हणून भांडली."

दस्तगीरमामा हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघत होते. मग शाल काखेत मारून ते रिक्षात जाऊन बसले.